काउंट किती, एवढंच विचारू नका

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, लॅब टेक्निशियन सहकाऱ्यांनो, आणि दुपारची ओपीडी बंद ठेवून म्हसावदला आलेल्या सगळ्यांनो,

माझी उमेदीची वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेली, माइकची सवय नाही. म्हणून रोज जे बघते त्यावरच बोलते.

रात्री फोन येतो. "मॅडम, काउंट किती?" पेशंट धडगावकडून जीपमध्ये आलेला असतो. बेंबीच्या वर कळ, ती थेट पाठीत घुसते. वांत्या थांबत नाहीत. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. लायपेज सामान्य मर्यादेच्या तिपटीपुढे गेलेलं. स्वादुपिंडाला सूज आहे, निदान झालेलं आहे. मग काउंट हवा कशाला? भारी अँटिबायोटिक लावायचं की नाही ते ठरवायला. माझं भांडण आहे ते इथं.

पहिल्या दिवशी वाढलेल्या पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा जंतूंच्या मागे धावत नसतात. अन्न पचवणारे रस आतड्यात पोचायच्या आधी ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हान्स किआरी यांनी १८९६ सालीच हे मांडलं होतं. मेलेल्या पेशींच्या कचऱ्याचा सांगावा अस्थिमज्जेपर्यंत जातो आणि काही तासांत न्यूट्रोफिल रक्तात लोटतात. स्लाइडवर घोड्याच्या नालासारख्या केंद्रकाच्या कच्च्या बँड पेशी दिसतात, अंगावर गडद दाणे असतात. घाईघाईत भरती केलेले हे शिपाई. जंतू पकडायला ते स्वतःच्याच डीएनएची जाळी फेकतात, असं २००४ साली बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं. पुढे उंदरांमध्ये हीच जाळी स्वादुपिंडाच्या नलिकांत अडकून दुखणं वाढवताना आढळली.

पण रिपोर्टवर आपली नजर न्यूट्रोफिलवर थांबते आणि खालची ओळ राहून जाते. एकूण १८ हजार आणि लिम्फोसाइट ५ टक्के, म्हणजे फक्त ९००. काही ऊतींकडे निघून जातात, काही कॉर्टिसॉलच्या लाटेत मरतात. दोन-तीन दिवसांत ते सावरले तर मला हायसं वाटतं. खालीच राहिले तर मी फिजिशियनला स्वतः फोन करते. मोनोसाइट तर आणखी फसवे. मोजणीत भरपूर दिसतात, पण गंभीर पेशंटमध्ये त्यांच्या अंगावरचं एचएलए-डीआर कमी झालेलं असतं, म्हणजे शत्रूची ओळख पटवून द्यायची ताकद गेलेली. ती तपासणी आपल्याकडे होत नाही, लिम्फोसाइट मात्र प्रत्येक सीबीसीत फुकट मिळतात. आधी भडका आणि मग ही गलितगात्र अवस्था. मेलेल्या भागात जंतू शिरतात ते साधारण दुसऱ्या आठवड्यापासून पुढे. पहिल्या दिवशी 'असू द्या' म्हणून लावलेलं अँटिबायोटिक ते थांबवत नाही, हे आता जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता आपल्या मुलखाचं. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल किती आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. लाल पेशी सतत फुटतात, पित्ताशयात काळे खडे होतात, एखादा खडा नळीत अडकतो आणि स्वादुपिंड पेटतं. त्यात सिकलचा क्रायसिसही पोटातच दुखतो, त्यामुळे लायपेज न करता 'क्रायसिसच असेल' म्हणून पेशंट सलाइनवर पडून राहतो.

न्यूयॉर्कच्या जॉन रॅन्सन यांनी १९७४ साली गांभीर्याचे निकष दिले: पांढऱ्या पेशी १६ हजारांवर, एलडीएच ३५० च्या वर, वगैरे. (खड्यांच्या दुखण्यासाठी पुढे आकडे थोडे वाढवले.) सिकलच्या पेशंटचा काउंट ठणठणीत असतानाही चढा असू शकतो आणि एलडीएच लाल पेशी फुटून वाढलेलं. निकष दोन्हीकडे हुकतो. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर काउंट उलट दबलेला.

माझी चूक सांगते. अशाच एका मुलीचा मशीनने दिलेला २२ हजारांचा काउंट मी सही करून पाठवला. रात्री झोप लागेना म्हणून स्मिअर पुन्हा लावला. दर १०० पांढऱ्या पेशींमागे ४० केंद्रकवाल्या लाल पेशी! मशीनने त्या पांढऱ्यांत धरल्या होत्या. २२ हजारांना १०० ने गुणून १४० ने भागलं, खरा आकडा निघाला १५,७००. फोन केला, पण तोवर तिला मोठ्या दवाखान्यात हलवायची धावपळ झाली होती, बापाने गाडीसाठी उसने पैसे काढले होते. मुलगी बरी झाली. उसनवारी माझ्या सहीने झाली.

एक सांभाळा: सिकलच्या पेशंटची प्लीहा बहुधा निकामी असते. त्याला ताप आला, तर वरचं सगळं बाजूला ठेवून अँटिबायोटिक लगेच द्या.

माझं एकच मागणं. सिकलच्या कार्डावर, पेशंट धडधाकट असतानाचा काउंट आणि एलडीएच तारखेसह लिहा. बॉलपेनने लिहिलं तरी चालेल. रात्री दोन वाजता मला तेच लागतं.

चहानंतर मागच्या टेबलावर दोन स्लाइड लावून ठेवल्या आहेत. एक साध्या स्वादुपिंडदाहाची, एक त्या मुलीची. नावं झाकली आहेत. कोणती कुठली, ते मोजून सांगा. घाई असेल त्यांनी रांगेत शेवटी उभं राहावं.