शेवटचे आठ किलोमीटर

दहावी 1996 च्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आत्ता माझी ओळख 'दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स अल्ट्रामॅरेथॉन पूर्ण करून आलेली आपली मैत्रीण' अशी करून दिली गेली. टाळ्या वाजवून झाल्यात, त्या परत मागू नका. पण मी ती पूर्ण केलेली नाही. शेवटचे आठ किलोमीटर राहिले.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. त्याहून लांब ती अल्ट्रा. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कॉम्रेड्स 1921 मध्ये सुरू झाली. बायकांना तिथे अधिकृत प्रवेश मिळाला तो 1975 मध्ये. मी गेले त्या 2024 साली डर्बनहून पीटरमॅरिट्झबर्गपर्यंत, म्हणजे चढाच्या दिशेने, सुमारे 86 किलोमीटर जायचं होतं. वेळ बारा तास. बारा तास झाले की अंतिम रेषेकडे पाठ करून उभा असलेला माणूस बंदूक उडवतो. पाठ अशासाठी, की कोण एका पावलाने चुकलं हे त्याला दिसू नये.

आता तुम्हाला आठवत असेल, पी.टी.च्या तासाला मी वर्गात दप्तरं राखायला बसायचे. तीच मी पुण्यात रात्री अकराला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल संपवून पहाटे चारचा गजर लावू लागले. आठवड्यात चार दिवस पळणं, रविवारी लांब पल्ला. चढाच्या सरावासाठी महिन्यातून एकदा इथे आईकडे यायचं आणि यवतेश्वरचा घाट दोनदा चढायचा. आई म्हणायची, "एवढं पळतेस, पण पोचतेस कुठं?"

पहिले तीन महिने मी हवेत होते. ऑफिसात, लग्नात, जो भेटेल त्याला किलोमीटर सांगायचे. मग जानेवारीत सगळं बदललं. गजर वाजला की रडू यायचं. एका रविवारी 28 व्या किलोमीटरला मी चक्क फुटपाथवर बसले आणि नवऱ्याला फोन केला, "गाडी घेऊन ये." तो काही बोलला नाही, केळं आणलं होतं त्याने. ते खाल्लं आणि पंधरा मिनिटांत जग बरं वाटायला लागलं! तेव्हा कळलं, अंगातली साखर उतरली की आधी मन खचतं. तेव्हापासून माझा नियम ठरला: पळताना हताश वाटलं तर आधी खायचं, निर्णय नंतर.

पण केळ्याने सगळं सुटलं नाही. फेब्रुवारीतही तेच. मी स्वतःला रोज बोलत होते: आळशी आहेस, मनाची कच्ची आहेस. जिद्दीवरचे व्हिडिओ बघत होते. शेवटी डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन 9.2! चाळिशीत पाळीत रक्त जास्त जात होतं आणि मी ते 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं होतं. मैत्रिणींनो, हे मुद्दाम माइकवरून सांगतेय, आणि मुलांनो, तुम्हीही घरी जाऊन सांगा. दोन महिने मी ज्याला मनाचा दुबळेपणा समजत होते, ते रक्त कमी असणं होतं. कोडमध्ये चूक शोधताना मी आधी लॉग बघते. स्वतःच्या बाबतीत मात्र लॉग न बघताच दोषी ठरवून मोकळी झाले होते.

औषधं सुरू झाली, हळूहळू पाय परत आले. शेवटचे तीन आठवडे पळणं कमी करायचं असतं, तेव्हा वेगळाच खेळ. रोज नवीन दुखणं. आज गुडघा, उद्या टाच, परवा घसा. रिकामं मन आजार शोधत बसतं.

शर्यतीत पॉली शॉर्ट्स नावाचा शेवटचा मोठा चढ आहे. मधल्या टप्प्यांनाही तिथे वेळेची मर्यादा असते. त्या माथ्यावर मी पोचले तेव्हा वेळ संपून चार मिनिटं झाली होती. बसमध्ये बसवलं. शेजारी एक आफ्रिकन आजी होत्या. त्यांनी काही न बोलता माझ्या मांडीवर आपलं अर्धं संत्रं ठेवलं. मी खूप रडले. त्या चार मिनिटांचं अजून वाईट वाटतं. 'हरण्यातही जिंकणं असतं' वगैरे मी म्हणणार नाही. हरणं हे हरणंच असतं.

पण मुंबईला उतरल्यावर एक गोष्ट जाणवली. आठवडाभरात मी स्वतःला एकदाही 'कच्ची' म्हटलं नव्हतं. कुठे कमी पडले ते शांतपणे वहीत लिहिलं होतं: पहिल्या तीस किलोमीटरमध्ये घाई, दुपारी पाणी कमी, चढाचा सराव अपुरा.

तेव्हा चढाचा सराव पुन्हा सुरू आहे. उद्या पहाटे पाच वाजता यवतेश्वरच्या पायथ्याशी मी असेन. ज्यांना यायचंय त्यांनी या. चालत आलात तरी चालेल. ज्यांना यायचं नाही, त्यांनी दप्तरं राखा!