नमुन्यांचे पाठांतर आणि प्रावीण्य

सॉफ्टवेअर अभियंत्याच्या जागेसाठी मुलाखतीस बसलेल्या उमेदवारापुढे हल्ली बहुधा असा प्रश्न येतो की, कोट्यवधी माणसे वापरतील अशी एखादी यंत्रणा पाऊण तासात फळ्यावर रचून दाखवा. आणि उमेदवारही महिनोन् महिने घोकलेले लोड बॅलन्सर, कॅश, क्यू, शार्डिंग हे चौकोन भराभर मांडून मोकळा होतो. हे प्रावीण्य, की निव्वळ पाठांतर?

या अभ्यासाची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी 1977 साली आपल्या सहकाऱ्यांसह घरांपासून नगरांपर्यंतच्या रचनांचे 253 नमुने ग्रथित केले, आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन 1994 साली चौघा संगणकतज्ज्ञांनी प्रोग्रॅमच्या रचनेचे 23 नमुने सिद्ध केले, तेव्हा प्रत्येक नमुना कोठे लागू पडतो आणि त्याचे बरेवाईट परिणाम कोणते, याचाही स्वतंत्र विचार त्यांनी नमूद केला होता. आजचा उमेदवार आकृती तेवढी उचलतो व परिणामांचे पान उलटून पुढे जातो; परंतु त्याला तरी बोल का लावावा, परीक्षकच जर ते पान कधी विचारीत नसेल?

त्या पानात काय दडलेले असते, हे पाहावयाचे तर 4 ऑक्टोबर 2021 चा फेसबुकचा प्रसंग घ्यावा. नित्याच्या देखभालीत दिलेल्या एका हुकुमाने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे सारे अंतर्गत जाळेच तुटले; असे हुकूम तपासून अडवण्यासाठी ठेवलेल्या साधनातही दोष असल्याने ते गप्प राहिले. पुढे जे घडले ते अधिक मननीय आहे. नावांवरून पत्ते सांगणारे त्यांचे डीएनएस सर्व्हर अशा शिरस्त्याने बांधलेले होते की, डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपण नादुरुस्त आहोत असे मानून त्यांनी आपला मार्ग जगाला सांगणे थांबवावे. एकेका सर्व्हरपुरता हा नियम निर्दोष, कोणत्याही मुलाखतीत शाबासकी मिळवील असा. पण सर्वांनी तो एकाच क्षणी पाळला, आणि सुमारे सहा तास ती संस्था इंटरनेटवरून नाहीशी झाली. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर धाडावे लागले, आणि तेथील कडेकोट बंदोबस्तानेच त्यांचा वेळ खाल्ला. शेवटी जाळे जुळले, तरी सगळा भार एकदम परत घेतला तर वीजपुरवठ्यापासून कॅशपर्यंत सारे पुन्हा कोलमडण्याचा धोका होता. तो टळला, कारण मोठ्या बिघाडांच्या रंगीत तालमी त्यांनी पूर्वीपासून केलेल्या होत्या.

ही तालीम फळ्यावर होत नाही. तेव्हा मुलाखतीतील सुबक आकृतीवरून मी एवढेच अनुमान काढीन की उमेदवार कष्टाळू आहे आणि सहकाऱ्यांची परिभाषा त्याला समजेल. नवख्याच्या जागेसाठी हे पुरेसेही आहे. परंतु चालत्या यंत्रणेची जबाबदारी ज्याच्या हाती द्यावयाची, त्याच्या बाबतीत माझी तजवीज निराळी आहे: त्याची आकृती पुरी होऊ द्यावी, मग त्यातील एक चौकोन पुसावा, आणि तो पुसला गेल्याची वार्ता इतर चौकोनांना कधी व कशी कळेल, कळल्यावर ते सगळे एकदम काय करतील, आणि ती वार्ताच खोटी असली तर काय, हे त्याला सावकाश विचारावे.