घटनास्थळाची साक्ष

लातुरात वा नांदेडात एखाद्या घरी रात्री घरफोडी झाली, की पहाटेच शेजारीपाजारी धावून येतात. कोणी उघडे कपाट न्याहाळतो, कोणी तुटलेले कुलूप उचलून पाहतो. हेतू सहानुभूतीचाच असतो. परंतु चोराच्या बोटांचे ठसे तिच्यापायी कायमचे पुसले जातात.

म्हणून पोलीस अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य चोरामागे धावणे हे नसून जागा राखणे हे होय. तो माणसे दूर सारतो, छायाचित्रे घेववितो, नकाशा काढतो आणि पंचांसमक्ष पंचनामा करून प्रत्येक वस्तू मोहोरबंद करतो. पडद्यास रक्त लागले असेल, तर तो आधी वाळवून मग कागदात गुंडाळतात. ओलाच बांधल्यास रक्त कुजते. अशा वस्तूंच्या परीक्षेसाठी नांदेडास प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे ठरविले असून त्याच्या सिद्धतेस राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे.

तथापि तज्ज्ञ येईपर्यंत पुरावा उरला पाहिजे ना? आरोपी सुटला, की लोक पोलिसांस दोष देतात. पण कित्येकदा पुरावा पहिल्या तासातच पायदळी गेलेला असतो. अशा प्रसंगी उंबरठ्याबाहेर थांबणे, हाच खरा शेजारधर्म होय.