वीणेची तार आणि भरतीचे मैदान
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. विहाराच्या मागच्या पटांगणावर पहाटे पाच वाजता भरतीच्या पोरापोरींकडून व्यायाम करून घेणारे आम्ही तिघेचौघे. समितीने दोन शब्द बोला म्हटले, म्हणून उभे आहोत.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. एका गुणाने नोकरी हुकते आणि त्या नोकरीकडे अख्खे घर डोळे लावून बसलेले असते. म्हणून पोर जीव तोडून धावते. मेहनत केलीच पाहिजे. परंतु २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही उमेदवार प्राणास मुकले. २०२४ मध्ये झारखंडात १० किलोमीटर धावण्याच्या भरतीत दहाहून अधिक तरुण गेले. तीही आपल्यासारख्याच घरांतली लेकरे होती.

लांब कशाला जायचे? गेल्या उन्हाळ्यात आपल्याच पटांगणावर एक मुलगा कोसळला. दोन दिवसांपासून अंगात ताप होता. त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. तो झोकांड्या खाऊ लागला, भलतेच बडबडू लागला, तेव्हा आम्ही ओरडलो, "नाटक करू नको, अजून एक राऊंड!" वस्तीतल्या एका मावशीने धावत येऊन त्याच्या अंगावर हंडाभर पाणी ओतले, त्याला सावलीत नेले. म्हणून तो आज इथे आहे. चूक कोणाची? थोडी त्याची, जास्त आमची. कारण शिट्टी आमच्या हातात होती. हे सर्वांसमोर कबूल करावे, म्हणूनच आज बोलायला तयार झालो.

सोण कोळिविसाची गोष्ट आपण वर्षावासात ऐकली आहे. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले, तरी मनाला शांती मिळेना. घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर नीट लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. प्रयत्न सोडून दे, असे तथागत म्हणाले नाहीत. प्रयत्नात समतोल ठेव, असे म्हणाले.

तेव्हा पोरांनो, ताप, जुलाब किंवा जागरण असेल त्या दिवशी धावू नका आणि तसे तोंडाने सांगा. उन्हाची सवय व्हायला अंगाला दहा-पंधरा दिवस लागतात. पहिल्याच दिवशी जोर लावू नका. धावताना छातीत दुखले, भोवळ आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर तडक दवाखाना गाठा. दुखणे दाबायच्या गोळ्या आणि कोणी सांगितलेली इंजेक्शने घेऊन मैदानात येऊ नका.

आणखी एक. आपल्या विदर्भात, आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे. वाहकाला एरवी काही जाणवत नाही. पण कडक उन्हात, पाण्यावाचून, न थांबता जोर केला तर त्यालाही धोका होऊ शकतो. वाहकाने धावूच नये असे नाही. मध्ये मध्ये विश्रांती घेऊन, पाणी पिऊन, हळूहळू वाढवत धावावे. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. त्यात लाज कसली?

आईबापांनाही विनंती आहे. "शेजारच्याचा नंबर लागला, तुझा का नाही?" हे वाक्य घरात बोलू नका. त्या बोलण्यापायी पोर ताप लपवते.

आणि आमचे म्हणाल तर, आता रोज शिट्टीआधी आम्ही प्रत्येकाला तब्येत विचारतो. पटांगणावर पाण्याचे ड्रम भरलेले असतात. कोणी बरळू लागला की धावणे बंद. सावली, अंगावर गार पाणी, वारा आणि लगेच १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. ज्याने हात वर केला त्याला कोणी भित्रा म्हणणार नाही.

आपली पोरे वर्दी घालून या विहारात वंदनेला यावीत, हीच आमची इच्छा आहे. सर्वच्या सर्व यावीत, एकही कमी नको.

जयभीम! नमो बुद्धाय!