तांडेलाच्या हाताखाली



आपल्या तरुणांस श्रद्धेच्या शिक्षणासाठी तांडेलासमवेत समुद्रावर धाडावे, हे ऐकून कित्येक वडीलधारे हसतील. परंतु उत्तनच्या किनाऱ्यावरील डोल पाहा. भरती-ओहोटीच्या ओढीवर ती भरते आणि पाणी मंदावले म्हणजेच उपसावी लागते. तेथे उतावीळपणा चालत नाही, आळस तर नाहीच. हे वाट पाहणे देवळाच्या बाकावर शिकवितां येईल काय? जाळे रिकामे आले म्हणजे खरी परीक्षा. संत पेत्रासही रात्रभर श्रमून काही लाभले नव्हते. अशा सकाळी प्रभूने त्याजपाशी प्रथम मागितली ती होडी, मासळी नव्हे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या काळात मुलांनी जाळी सांधावीत, सायंकाळी रोझरी म्हणावी. लहान आसाचे जाळे मात्र बाजूस ठेवावे. पहिली खेप ऑगस्टात निघावी. तांडेल मंडळींनी आपली नावे धर्मगुरूंकडे द्यावीत.