हरवलेली वाचा आणि घरचें वाचन



पक्षाघातानें हातपाय लुळे पडले म्हणजे रोग्याचें दुखणें घरच्यांना डोळ्यांनीं दिसतें. वाचा गेली म्हणजे मात्र घरांत एक गैरसमज शिरतो. "यांना आतां कांहीं कळत नाहीं," असें माणसें म्हणूं लागतात, आणि रोग्याच्या देखतच त्याच्या औषधाचे, शेतीवाडीचे, राहण्याचे निर्णय दुसरेच घेऊं लागतात.

इ. स. १८६१ मध्यें पॅरिस येथील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनीं एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या गृहस्थास दुसऱ्याचें बोलणें बरेंचसें समजे; पण त्याच्या तोंडून 'तां' एवढाच ध्वनि निघे. मृत्यूनंतर पाहिलें तों त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस पुढील भागांत बिघाड आढळला. वाचाघात हा भाषेवरील आघात आहे. तो बुद्धीचा लोप नव्हे. शिवाय ज्याला 'पाणी' हा साधा शब्द सांपडत नाहीं, त्यालाच पुष्कळदां आंकडे, वार, लहानपणीं पाठ केलेलीं स्तोत्रें ओळीनें म्हणतां येतात. मुरलेलें पाठांतर आणि आयत्या वेळीं स्वतः जुळविलेलें वाक्य यांच्या वाटा मेंदूंत अगदीं एक नसतात.

आमचें मार्गासनी गांव नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्या मातोश्रींची वाचा गेली तेव्हां त्यांना उपचारासाठीं रोज पुण्यास नेणें शक्य नव्हतें. तज्ज्ञांनीं तपासून घरीं करावयाचा अभ्यास सांगितला. मातोश्रींना शिवलीलामृताचा अकरावा अध्याय मुखोद्गत होता. तीच पोथी उघडून, ओळीखालीं बोट फिरवीत, दोघांनीं एका सुरांत वाचावयाचें, असा क्रम ठरला. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटें. प्रथम त्यांचा नुसता हुंकार मागून येई. मग चरणाचा शेवट येऊं लागला. पुढें मीं आवाज उतरविला, तरी त्या ओवी पुरी करीत.

परंतु पाठांतर म्हणजे संभाषण नव्हे. ओवी म्हणणारी आई तहान लागली म्हणजे तांब्याकडे बोटच दाखवी. म्हणून एका वहींत मोठ्या अक्षरांत घरचींच वाक्यें लिहिलीं, तींही ग्रांथिक भाषेंत नव्हे, त्यांच्या नित्याच्या बोलींत : चूल पेटली का? भात झाला का? गुरं आली का? तीं वाक्यें आम्ही पोथीप्रमाणेंच बरोबर वाचूं लागलों. एके दिवशीं "मला दूध दे" हें वाक्य आलें. त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "नको. चहा." हे दोन शब्द त्या पानावर नव्हते. त्या दिवसापासून घरांत कोणतीही गोष्ट ठरवितांना आईला विचारलें जाऊं लागलें.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग असेल त्यांनीं चार गोष्टी पाळाव्या. शब्द शोधणाऱ्यास वेळ द्यावा; त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. उच्चार चुकला तर तपासनीस होऊं नये. पुढची ओळ बरोबर वाचावी. वाचतांना घरांतील दुसरे आवाज बंद ठेवावे, आणि थकवा येण्यापूर्वींच पुस्तक मिटावें. चौथी गोष्ट, आईवडिलांशीं लहान मुलांशीं बोलावें तसें बोलूं नये.

कांहीं रोग्यांना मात्र शब्द भराभर येतात, पण ते अर्थहीन असतात आणि दुसऱ्याचें बोलणें उमगत नाहीं. हा प्रकार कार्ल वेर्निके यांनीं १८७४ सालीं वर्णिला. त्यावर उपाय निराळे असतात. म्हणून तज्ज्ञाकडून तपासणी आधीं, वाचन नंतर. पूर्वीचें सारें बोलणें परत येईलच असें नाहीं. आमच्या मातोश्रींनाही कित्येक दिवशीं शब्द दगा देतात. तथापि वर्ष उलटलें म्हणून प्रयत्न सोडूं नये. उशिरानेंही सुधारणा होतांना दिसते.

ज्यांनीं आपल्याला पहिले बोल शिकविले, त्यांच्या एका शब्दासाठीं आपण क्षणभर थांबावें, इतकेंच माझें मागणें आहे.