रंजक इतिहास आणि शृंगारिक कथा

आपल्या सुशिक्षित घरांतून पुस्तकांच्या बाबतींत एक पंक्तिभेद पाळण्यांत येतो. ऐतिहासिक कादंबरी दिवाणखान्यांतील कपाटांत मानानें बसते. शृंगारिक कथेला उशीखालीं जागा मिळते. पहिली मुलाच्या हातीं दिली, तर आपण त्याला कांहीं शिकविलें असें समाधान वाटतें. दुसरी त्याच्या हातीं सांपडली, तर घरांत गहजब होतो. हा पंक्तिभेद कितपत न्याय्य आहे, एवढाच आजचा विषय.

१९६२ हें एकच साल घ्या. त्या वर्षीं रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकांत चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली. 'स्वामी'ला पुढें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. 'श्यामा'च्या वांट्याला अश्लीलतेचा खटला आला. खालच्या न्यायालयानें लेखकाला सोडलें, उच्च न्यायालयानें दोषी ठरविलें आणि अखेर १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याला दोषमुक्त केलें.

आतां, शृंगारिक कथेनें कोणाची फसवणूक होते काय? तिचे नायक-नायिका कल्पित आहेत हें तिच्या प्रत्येक वाचकास ठाऊक असतें. या प्रकारच्या पुष्कळ कथांत त्याच त्या उपमा येतात आणि पहिल्या पानावरून शेवटचें पान ओळखतां येतें, हें मला मान्य आहे. पण तो रुचीचा दोष झाला, आणि त्याला वाचकाचा कंटाळा ही पुरेशी शिक्षा आहे.

'स्वामी'कडे वळूं. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास होय. परंतु त्या दोघांत एकांतीं काय बोलणें झालें, हें टिपून ठेवण्यास तेथें कोणी कारकून बसला नव्हता. तो संवाद लेखकानें रचला. तो त्याचा अधिकारच आहे. मात्र तेच संवाद आपण वादविवादांत पुराव्यासारखे पुढें करूं लागतों, तेव्हां दोष आपल्याकडे येतो.

हा दोष क्षुल्लक नाहीं. छत्रपति संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं मल्हार रामराव चिटणीस यांनीं बखर लिहिली. तींतील प्रतिकूल चित्रानें पुढील नाटककारांस खाद्य पुरविलें. गडकऱ्यांचें 'राजसंन्यास' १९१९ सालीं त्यांच्या निधनामुळें अपुरें राहिलें. तरीहि त्यांतील प्रेमांत गुरफटलेला राजा लोकांच्या मनांत घर करून बसला. औरंगजेबाशीं नऊ वर्षें झुंजलेला आणि संस्कृतांत 'बुधभूषण' रचणारा संभाजी पुन्हां समोर यावयास वा. सी. बेंद्रे यांचा १९६० सालचा चरित्रग्रंथ निघावा लागला. त्यासाठीं या संशोधकानें वर्षानुवर्षें कागदपत्रें धुंडाळलीं. तीन तासांच्या नाटकाचें उत्तर इतकें महाग पडतें!

म्हणून नाटकें बंद करा, असें मी म्हणणार नाहीं. 'श्यामा'ला कोर्टांत ओढणें जसें व्यर्थ ठरलें, तसेंच तेंहि ठरेल. उपाय घरगुती आहे. 'स्वामी'शेजारीं सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चा पेशवाईचा भाग ठेवावा. कागद कोठें संपतो आणि कल्पना कोठें सुरू होते, हें दोन्ही पुस्तकें ताडून पाहणें हाहि एक आनंदच आहे. शृंगारिक कथा उशीखालून काढून उघड्यावर ठेवावी. बरी असेल तर ती वाचली जाईल, नसेल तर रद्दींत जाईल.

आणि ऐतिहासिक कादंबरी वाचतां वाचतां घरांतील एखाद्या मुलानें मान वर करून विचारलें, "हें खरेंच असें घडलें होतें का?" तर त्याला गप्प बसवूं नये. त्याच्याबरोबर कपाटाकडे जावें.